स्टॉकहोमचे साडेतीन दिवस: यादीतलं काय ठेवायचं, काय खोडायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं एक कुटुंब जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साडेतीन दिवसांसाठी स्टॉकहोमला येतंय. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, आई अंडंही खात नाहीत. टूर कंपनीने चौदा जागांची यादी हातात दिली आहे. यातलं काय बघावं, आणि काय सोडलं तर हळहळ वाटणार नाही?

मी या शहरात बरीच वर्षं गाइडचं काम करते, त्यातही आपल्याकडच्या ग्रुपांबरोबर जास्त. यादी बघून हसू आलं. शहर चौदा बेटांवर वसलेलं आणि यादीतही चौदाच जागा, कुणीतरी हिशेब बरोबर जुळवलाय! पण या यादीत बोट एकदाही नाही. बसने इथून तिथे, तिथून पलीकडे. स्टॉकहोममध्ये पाण्यावर न जाता परत जाणं म्हणजे काशीला जाऊन घाटावर न उतरण्यासारखं आहे. म्हणून माझं उत्तर एवढंच की रोज एक मोठी गोष्ट बघा, रोज एकदा तरी बोटीत बसा, बाकीचं जमलं तर बघा.

आधी तिकिटाचं सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. एसएलचं, म्हणजे इथल्या शहर वाहतूक कंपनीचं, ७२ तासांचं तिकीट काढा. मेट्रो, बस, ट्राम आणि ८२ नंबरची फेरीबोट, सगळं त्यात येतं. मुलीला आणि आई-बाबांना सवलतीचं तिकीट मिळेल. नोटा बदलून आणायच्या भानगडीत पडू नका. इथे कॉफीपासून सार्वजनिक संडासापर्यंत सगळीकडे कार्ड चालतं, आणि कित्येक दुकानांत रोख पैसे घेतच नाहीत. आणि हो, इथे युरो नाही, क्रोना आहे.

पहिल्या सकाळी वासा, म्हणजे बुडालेल्या एका जुन्या जहाजाचं म्युझियम. ट्रामने जाऊ नका, स्लुसेनच्या धक्क्यावरून ८२ नंबरची बोट घ्या. दहा-एक मिनिटांचा प्रवास आहे, पण म्युझियम खरं तर इथेच सुरू होतं. डावीकडे राजवाडा मागे पडतो, मग शिडाचं एक पांढरं जहाज किनाऱ्याला लागलेलं दिसतं. ते १८८८ सालचं ‘आफ चापमन’, आता त्यात होस्टेल चालतं. उजवीकडे सोदरमाल्मचे उंच कडे. १० ऑगस्ट १६२८ ला, रविवारी दुपारी उशिरा, याच कड्यांखालून वासा ही नवी कोरी युद्धनौका पहिल्यांदा निघाली होती. ६४ तोफा, तळापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत ५२ मीटर उंची, किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी. कड्यांच्या आडोशातून बाहेर येताच वाऱ्याचा झोत आला, जहाज डावीकडे कललं, सावरलं. दुसऱ्या झोताला कललं ते सावरलंच नाही. सलामीसाठी तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यातून पाणी आत घुसलं. सगळा प्रवास सुमारे १३०० मीटरचा. तीसेक माणसं गेली. तुमची बोट जवळपास त्याच पाण्यावरून जाते. बाबांना उजव्या बाजूला बसवा आणि हे तिथेच सांगा.

उतरल्यावर पाण्याच्या कडेने चालत म्युझियम. आत अंधूक आणि गार असतं, जूनमध्येही आईंना शाल लागेल. दार ढकलून आत गेल्यावर समोर एकदम ६९ मीटरचं काळंभोर लाकडी जहाज उभं असतं. माणसं तिथे आपोआप गप्प होतात, आपले ग्रुपसुद्धा! यातलं ९८ टक्के लाकूड मूळचं आहे. ३३३ वर्षं समुद्राच्या तळाशी राहून जहाज टिकलं, कारण बाल्टिकचं पाणी पुरेसं खारट नाही, मचूळ आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा अशा पाण्यात जगत नाही. आंडर्स फ्रांझेन नावाच्या माणसाने १९५६ साली जहाज शोधून काढलं, २४ एप्रिल १९६१ ला ते वर आलं, आणि मग लाकूड तडकू नये म्हणून त्यावर तब्बल १७ वर्षं पॉलिथिलीन ग्लायकॉल फवारत होते.

बुडालं का, हा प्रश्न तुमची मुलगी विचारणारच. जहाज वरून जड आणि खालून हलकं होतं. एकदा आमच्या ग्रुपमध्ये रत्नागिरीकडचे एक काका होते. मी बॅलास्ट, स्टॅबिलिटी असं काय काय सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, “नीरम कमी पडलं म्हणा की.” कोकणात गलबत स्थिर राहावं म्हणून तळाशी जे दगड भरतात ते नीरम. त्या दिवसापासून मी तोच शब्द वापरते. फक्त त्यांना मी एक सांगितलं, ते तुम्हालाही सांगते: नीरम वाढवून भागलं नसतं. जहाज आणखी खाली बसलं असतं आणि खालच्या रांगेतल्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. चूक बांधणीतच होती.

आणि ती आधीच कळलेली होती. निघण्यापूर्वी कप्तानाने उपनौसेनापती फ्लेमिंगसमोर चाचणी घेतली. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतकं झुलायला लागलं की चाचणी थांबवली. राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ परदेशात लढाईवर होता आणि त्याला जहाज हवं होतं. बांधणारा कारागीर आधीच वारला होता. नंतर चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही. सरकारी खात्यात नोकरी केलेले बाबालोक इथे हमखास मान डोलावतात.

काचेत मोजपट्ट्या ठेवल्या आहेत, त्या चुकवू नका. सुतारांच्या चार पट्ट्या मिळाल्या, त्यातल्या दोन बारा इंची स्वीडिश फुटाच्या आणि दोन अकरा इंची ॲमस्टरडॅम फुटाच्या. एकाच जहाजावर दोन वेगळे फूट चालत होते. वासासाठी दोन तास धरा. टूर कंपन्या पन्नास मिनिटं देतात, त्यात फोटो आणि संडास एवढंच होतं. लिफ्ट आहे, व्हीलचेअर मागून घेता येते, आणि अठरापर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

त्याच दिवशी शेजारचं स्कान्सेन हे खुलं म्युझियमही उरकावं असा मोह होतो. उरकू नका. त्याला वेगळा दिवस द्या, आणि तुम्ही ज्या आठवड्यात येताय त्यात तर नक्कीच. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार म्हणजे मिडसमरची पूर्वसंध्या, इथला सगळ्यात मोठा सण. दिवाळीच्या पाडव्याला पुण्यात दुपारी दुकानं कशी असतात, तसं अख्खं शहर होतं. स्वीडिश माणसं गाड्या भरून आपापल्या उन्हाळी घरांकडे निघून जातात, दुकानं, हॉटेलं, कित्येक म्युझियमं बंद. यादी करणाऱ्याने त्या दिवशी ‘खरेदी’ लिहिली आहे. ती पहिल्यांदा खोडा आणि तिथे स्कान्सेन लिहा.

आर्टुर हासेलियुसने १८९१ साली सुरू केलेलं हे जगातल्या सगळ्यात जुन्या खुल्या म्युझियमांपैकी एक. रेल्वे आणि कारखाने आले, जुनी खेडी झपाट्याने बदलू लागली, तेव्हा या माणसाने देशभरातून जुनी घरं उचलून इथे टेकडीवर आणून उभी केली. दीडशेच्या आसपास आहेत. गवताच्या छपराचं शेतघर, उत्तरेकडच्या मूळच्या सामी लोकांची वस्ती, काच फुंकणारे कारागीर, जुनी बेकरी. वेशातली माणसं त्या घरांत बसलेली असतात, चूल पेटलेली असते. पलीकडे एल्क नावाची मोठी हरणं, तपकिरी अस्वलं, लांडगे, लिंक्स. मुलगी तिथेच रमेल. टेकडीचं नाव ऐकून बाबांना हॉटेलवर ठेवू नका, मुख्य दारातून वर जायला सरकता जिना आहे.

मिडसमरला इथे पानाफुलांनी मढवलेला मोठा खांब उभा करतात आणि त्याभोवती फेर धरतात. त्यातलं एक गाणं बेडकांचं आहे. बेडकांना कान नाहीत, शेपूट नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुटाबुटातले आजोबा, बँकेत मॅनेजर असतील असे बापे, पोरंबाळं, सगळे डोक्याशी हात लावून कान दाखवतात, मग पाठीशी हात नेऊन शेपूट दाखवतात आणि ‘क्वाक क्वाक’ करत उड्या मारतात. एरवी लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी न बोलणारी ही माणसं! मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी तितकीच हसते. फुलांचा मुकुट मुलीने स्वतः गुंफावा.

तिसरी मोठी गोष्ट टाउन हॉल, म्हणजे स्टाट्सहूसेत. रागनार ओस्तबॅर्यने बांधलेली ही इमारत १९२३ साली पूर्ण झाली. ८० लाख विटा, १०६ मीटरचा मनोरा. आत फक्त गाइडेड टूरने जाता येतं, आणि ही कामाची इमारत आहे, इथे महापालिका बसते, समारंभ होतात. त्या दिवशी टूर आहेत ना हे आदल्या दिवशी बघाच. मी नवीन असताना एका टूर कंपनीच्या छापील कार्यक्रमावर विसंबून बत्तीस माणसं दारात नेऊन उभी केली होती. आत कसला तरी समारंभ, दार बंद. पावसात मनोऱ्याच्या विटा मोजायला लावल्या मी सगळ्यांना.

निळ्या दालनात एकही गोष्ट निळी नाही. विटांवर निळा गिलावा द्यायचा बेत होता, पण उघड्या लाल विटाच ओस्तबॅर्यला इतक्या आवडल्या की त्याने त्या तशाच ठेवल्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी याच दालनात होते. वरच्या सोनेरी दालनात एक कोटी ऐंशी लाख तुकड्यांचं मोझेइक आहे. ते बघून आपल्याकडचे लोक आधी ‘खरं सोनं का?’ असं विचारतात. आहे, काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा पातळ वर्ख.

पण मेजवानी इथे असली तरी पुरस्कार इथे मिळत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो मिळतो ह्योतोर्येत चौकातल्या निळ्या कॉन्सर्ट हॉलमध्ये, १९२६ पासून. सर सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या डिसेंबरात राजाच्या हातून पदक घेतलं ते तिथे. त्याच्या पायऱ्यांसमोर आज भाजीबाजार भरतो. ‘किलो वीस, किलो वीस’ अशा चालीत ओरडणारे विक्रेते स्टॉकहोममध्ये मला दुसरीकडे कुठे भेटले नाहीत. मंडईतल्या माणसाला तिथे पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटतं. बाबांना रामन सांगा, आईंना स्ट्रॉबेरी घेऊन द्या. प्रवेश फी नाही आणि टूर कंपनीच्या यादीत हे कधीच नसतं.

गामला स्तान, जुनं शहर, तुमच्या यादीत दुपारी अकरा ते एक असं आहे. म्हणजे बरोबर क्रूझ जहाजांच्या गर्दीत. सकाळी आठला जा. बोळ रिकामे असतात, दगडी फरशी ओली असते, बेकरीतून वेलचीचा वास येत असतो. हो, वेलची. स्वीडिश माणूस पावात भरपूर वेलची घालतो, तीही भरड कुटून. स्तूरतोर्येत चौकातल्या त्या लाल-पिवळ्या घरांचे फोटो सगळे काढतात. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या ख्रिस्तियान राजाने इथे ऐंशीच्या आसपास माणसांची मुंडकी उडवली. त्यातल्या एकाचा मुलगा वाचला, त्याने बंड केलं आणि स्वीडन डेन्मार्कपासून वेगळा झाला. तोच गुस्ताव वासा, आणि जहाजाला नाव आलं ते त्याच्या घराण्याचं.

बाबांसाठी गोटे बसवलेले रस्ते त्रासाचे आहेत, म्हणून तिथे फिरणं कमी ठेवा. तीन गोष्टी पुरे. कॅथेड्रलमधला बर्न्ट नोट्केचा १४८९ सालचा लाकडी सेंट जॉर्ज, त्याच्या ड्रॅगनचे काटे खऱ्या एल्कच्या शिंगांचे आहेत. प्रेस्टगातान आणि कोकब्रिंकेनच्या कोपऱ्यावर घराच्या भिंतीत चक्क दगड म्हणून चिणलेला रूनलिपीतला, म्हणजे इकडच्या प्राचीन लिपीतला, शिलालेख. आपल्या गावांत वीरगळ कट्ट्याला लावलेली असते ना, अगदी तसा. आणि फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात चंद्राकडे बघत बसलेला लोखंडी मुलगा, उंची १५ सेंटीमीटर. त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, पुढ्यात नाणी ठेवतात, हिवाळ्यात कुणीतरी त्याला विणलेली टोपी घालतं. एकदा स्कार्फही बघितला. राजवाड्यासमोर पहारा बदलतो तो दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, रविवारी एक तास उशिरा. छान असतो, पण गर्दीत उभं राहावं लागतं. बाबांना नको.

मेट्रोत मात्र त्यांना नक्की न्या, बसायला मिळतं. शंभर स्टेशनं आहेत आणि नव्वदपेक्षा जास्त स्टेशनांवर कलाकृती. निळ्या लाइनची बहुतेक स्टेशनं खडक फोडून केलेली आहेत, आणि खडक लपवण्याऐवजी त्यावरच सिमेंटचा फवारा मारून ती गुहेसारखी ठेवली आहेत. टी-सेंट्रालेनच्या निळ्या फलाटावर पांढऱ्या गुहेत निळ्या वेली चढलेल्या दिसतात. पेर ऊलोफ उल्टवेटने १९७५ साली रंगवलं. जरा पुढे चालत गेलात तर छतावर माणसांच्या निळ्या आकृत्या आहेत: वेल्डर, सुतार, सुरुंगवाले. ज्यांनी हे स्टेशन खोदलं तेच. तिथून कुंगस्ट्रेडगोर्डेनला जा, मग उलट दिशेने सोल्ना सेंट्रुमला. तिथे लालभडक आकाशाखाली हिरवी जंगलाची रांग आहे आणि त्यात झाडं तुटून ओसाड पडणाऱ्या गावाकडची चित्रं. एका तासात सगळं होतं, तिकीट तुमच्याकडे आहेच. पाऊस पडला की मी हेच करते.

पाऊस फारच लागला तर इतिहास म्युझियम. तिथे एक छोटा ब्राँझचा बुद्ध आहे, तळहातावर मावेल एवढा. सहाव्या शतकाच्या सुमारास भारताच्या वायव्येकडे, स्वात खोऱ्याच्या बाजूला घडवलेला, आणि १९५० च्या दशकात उत्खननात निघाला तो स्टॉकहोमजवळच्या हेल्यो बेटावर. कोणकोणत्या हातांतून, कोणत्या नद्यांवरून तो इथे आला असेल! कपाळावर ऊर्णा, म्हणजे भुवयांमधला ठिपका, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्यासमोर माझे ग्रुप जितका वेळ उभे राहतात तितका वेळ शेजारच्या वायकिंग तलवारींसमोर राहत नाहीत.

आता बोटीचा मोठा दिवस. शहराच्या पूर्वेला सुमारे तीस हजार बेटं आणि खडक समुद्रात विखुरलेले आहेत. पूर्ण दिवस असेल तर वॅक्सहोल्मला जा, किल्ला आहे, लाकडी घरांचं गाव आहे, धक्क्यावर बसून आईस्क्रीम खाता येतं. दिवस नसेल तर फ्येडरहोल्मार्ना, अर्ध्या तासाच्या आत पोचवते बोट. तिथे काय बघायचं असं विचाराल तर काही नाही. खडकावर बसायचं, जाणारी जहाजं बघायची. ड्रॉटनिंगहोल्मचा राजवाडा यादीत आहे, तो ठेवायचा असेल तर टाउन हॉलच्या धक्क्यावरून बोटीने जा, बसने नको. तिथलं १७६६ सालचं नाट्यगृह मात्र बघाच. लाकडी चक्रं, दोर, ढगांचा गडगडाट करणारी यंत्रं, सगळं अजून चालतं. नाटकवेड्या मराठी माणसाला राजवाड्यापेक्षा हेच आठवत राहतं.

खोडायचं काय ते सांगते. हॉप-ऑन बस, तुमचं तिकीट असताना कशाला? आब्बा या स्वीडिश गायक-गटाचं म्युझियम, घरात कुणी त्यांची गाणी म्हणत नसेल तर. ग्रोना लुंडचे पाळणे, मुलीने हट्ट धरला तरच, मग एक संध्याकाळ. नोबेल म्युझियम लहान आहे, ते गामला स्तानमध्येच आहे म्हणून जाताजाता बघितलं तर ठीक. खरेदीची दुपार गेलीच.

आईंच्या जेवणाचं. आठवड्याच्या दिवसांत साधारण अकरा ते दोन ‘दागेन्स लुंच’ मिळतं. एका ठरावीक रकमेत मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, कॉफी, आणि बहुतेक ठिकाणी एक शाकाहारी पर्याय. मोठं जेवण तेव्हाच करा, संध्याकाळी तेच जेवण बरंच महाग पडतं. भारतीय हॉटेलंही पुष्कळ आहेत. दालचिनीचा बन, म्हणजे कानेलबुल्ले, घेताना विचारा, कारण वरून चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असतो. आणि मुलगी सुट्या गोळ्या-चॉकलेटांच्या डब्यांसमोर पिशवी भरेल, त्यातल्या पुष्कळ गोळ्यांत जिलेटिन असतं. बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

शेवटच्या संध्याकाळी जेवण झाल्यावर सोदरमाल्मवर मोंतेलियुसवेगनला जा. बाबांसाठी टॅक्सी करा, चढ आहे. कड्याच्या काठाने लाकडी पायवाट आहे, मधेमधे बाकं आहेत. खाली मेलारेन सरोवराचं पाणी, समोर टाउन हॉल, उजवीकडे गामला स्तान. नऊला पोचलात तरी घाई नाही, सूर्य मावळतो दहानंतर, आणि मावळल्यावरही आकाश पुरतं काळं होत नाही. डास असतात, लांब बाह्यांचे कपडे घाला. हॉटेलवर परतल्यावर खिडकीचे पडदे फट न ठेवता ओढून घ्या, साडेतीनला पुन्हा लख्ख उजाडलेलं असतं.